घरघंटीची पाहणी

कोल्हापूर
३ फेब्रुवारी १९९७

गीतांजली,

वडील भावानं आशीर्वादानं सुरुवात करायची असते, तेव्हा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या वहिनीनं मागे लागून लिहायला लावलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या मनानं मी तुला लिहिलं नसतं. आपल्या अक्काच्या शौनकच्या लग्नात भर पंगतीत तू माझ्या गॅसच्या शेगडीला 'बायकांची बोटं भाजायचं यंत्र' म्हणाली होतीस. सख्ख्या मामाची मुलगी म्हणून तेव्हा गप्प बसलो, पण विसरलो नाही.

काम असं आहे. आम्ही गेल्या वर्षापासून कारखान्यात घरघंटी करतो. कमरेएवढी उभी पेटी, वरून धान्य ओतायचं, खाली डब्यात पीठ. नवी मुंबईत तिला मोठं गिऱ्हाईक मिळेल असं माझं मत आहे. फ्लॅट नवे, माणसं नोकरदार, आणि सेक्टरात गिरणी नाही. बायकांना कमरेवर डबा घेऊन सारसोळे गावात जावं लागतं, उन्हात रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून नेरूळला अक्काच्या सोसायटीत बारा घरांत बारा यंत्रं वापरून बघायला ठेवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कानं सगळ्या बायकांकडून मी छापून दिलेली प्रश्नावली भरून घेतली. पीठ कसं पडतं, आवाज कसा, चालवायला सोपी का, शेजारणीला घ्यायला सांगाल का. बाराच्या बारा जणींनी सगळीकडे 'उत्तम' लिहिलं आहे.

आणि तरी यंत्रं बंद पडतात. आज हिचं, उद्या तिचं. जाळी चोंदते, मोटर तापून थांबते. आमचा भगवान मिस्त्री एसटीनं जाऊन दुरुस्त करून येतो, की काही दिवसांत पुन्हा तेच. इकडे आमच्या घरी तेच यंत्र वर्षभर बिनतक्रार चालू आहे. मला खाडीच्या खाऱ्या हवेचा संशय आहे. पण तुझी वहिनी म्हणते, गीता तिथंच सीवूड्सला राहते, माणसं वस्तू कशी वापरतात ते बघायचंच शिकून आली आहे, तिला विचारा.

अक्षय तृतीयेला मुंबईच्या विक्रेत्यांसमोर यंत्र मांडायचं आहे. त्या दिवशी ते बंद पडलं तर घरघंटीचं खातं बंद करून त्यातली माणसं घरी पाठवावी लागतील. तेव्हा उत्तर मुद्द्याचं दे. व्याख्यान नको.

मधुकर

---

सीवूड्स, नेरूळ
११ फेब्रुवारी १९९७

मधूदादा,

नमस्कार. शेगडीबद्दल बोलले ते मी मागे घेत नाही. वहिनीची बोटं मी पाहिली होती, तू पाहिली नव्हतीस.

अक्काकडे जाऊन तुझ्या प्रश्नावल्या वाचल्या. बाराही एकाच निळ्या पेनानं भरलेल्या आहेत आणि ते पेन अक्काचं आहे. समारंभ कसा झाला तेही तिच्याच तोंडून ऐकलं, मोठ्या कौतुकानं सांगत होती. बायका आल्या, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, हळदीकुंकू झालं, हातावर तिळगूळ ठेवला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली आणि मग कागद पुढे करून म्हणाली, माझ्या भावाचं यंत्र आहे, जरा लिहून द्या. दादा, गोड बोला म्हणून आधी तिळगूळ खायला घालायचा आणि लगेच त्याच तोंडाला खरं बोल म्हणायचं? वाण घेतलेल्या बाईनं घरधनिणीच्या भावाच्या वस्तूला नावं ठेवल्याचं तू आजवर कुठे ऐकलंस? या प्रश्नावलीतून तुला एवढंच कळलं की नेरूळच्या बायकांना रीतभात आहे.

विचारून कळणाऱ्या गोष्टी असतात आणि बघून कळणाऱ्या असतात. यंत्र का बंद पडतं, हे त्या स्वतः सांगू शकतील असं मला वाटत नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल. मी घरोघरी जाऊन बसेन आणि दळण होताना बघेन. काम करते ते तुझ्यासाठी नाही, बारा घरांतल्या बायकांसाठी आणि तुझ्या त्या माणसांसाठी करते. दोन अटी आहेत. अक्का माझ्याबरोबर फिरणार नाही. आणि मी जे कळवीन त्यात कुणाचं नाव नसेल, तूही विचारायचं नाहीस. कुणाच्या घरात बसून पाहिलेलं बाहेर नावानिशी सांगायचं नसतं, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे.

गीतांजली

---

कोल्हापूर
१७ फेब्रुवारी १९९७

गीतांजली,

व्याख्यान नको म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. दोन पानं आलं.

अक्कानं उन्हातान्हात बारा जिने चढून ही माणसं गोळा केली. तिच्या हळदीकुंकवाची तू चेष्टा केलीस हे तिला कळवलेलं नाही, कळवणारही नाही, कारण मला घरात शांतता लागते. तुला ती कधीच लागली नाही, म्हणून तर एकटी राहतेस.

नावं नकोत तर नकोत. शब्द देतो. बायका गहू दळतात, काही दरोडा घालत नाहीत, तेव्हा त्यात लपवण्यासारखं काय असणार हे मला कळत नाही. भगवानला मी नेरूळला जायला मनाई केली आहे. तुझं बघून होईपर्यंत बंद पडलेलं यंत्र बंदच राहील.

मधुकर

---

सीवूड्स, नेरूळ
२४ मार्च १९९७

मधूदादा,

बाराही घरं झाली. एकटं राहण्यावरून तू जे लिहिलंस त्याला उत्तर देत नाही. असल्या गोष्टी तू नेहमी पत्रात लिहितोस, समोर कधी बोलत नाहीस.

पहिल्या फेरीत माझ्या हाती काही लागलं नाही. मी येणार म्हणून घर आवरलेलं, पोहे तयार, घरघंटीवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. चालवून दाखवा म्हटलं की फुलदाणी उचलायची, वाटीभर गहू टाकायचे, पीठ दाखवायचं आणि पुन्हा रुमाल घालायचा. म्हणून दुसऱ्यांदा न कळवता गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मटार सोलायला घेतले आणि बसून राहिले. घरातल्या माणसांना पाहुणा जड होतो, पण मटार सोलणारी बाई आठवड्याभरात घरचीच होते. अक्काकडेही अशीच बसले. तिची सून ईश्वरी फार कमी बोलते, पण यंत्र चालवताना तिचा हात कुठे अडखळत नाही. इतर घरांतही तेच. त्यांना यंत्र चालवता येत नाही असं अजिबात नाही.

मग खोट कुठे? माझ्या मते गव्हात आहे. आपल्या लोकांना गहू धुऊन वाळवून दळायची सवय. गावी अंगण होतं, मुंबईच्या चाळीत निदान गच्ची होती. इथे गच्चीला सोसायटीचं कुलूप आणि घरात हातभर बाल्कनी, तीही ग्रिल लावून बंद केलेली. तिथे ऊन सकाळी येऊन तोंड दाखवून जातं. गहू वरून कोरडे वाटतात, आत दमट राहतात. दमट गव्हानं तुझी जाळी चोंदते. एवढं साधं आहे. खाऱ्या हवेचं खूळ डोक्यातून काढ. पेटीवर मोठ्या अक्षरांत सूचना छाप की गहू दाताखाली कटकन मोडला तरच दळायला टाकावा, आणि भगवानला पाठवून यंत्रं चालू कर.

हे प्रश्नावलीत कधी निघालं नसतं. असो. तू कबूल करणार नाहीस.

गीतांजली

---

कोल्हापूर
१६ एप्रिल १९९७

गीतांजली,

तुझ्या सूचनेप्रमाणे सूचना छापली. लाल अक्षरांत. भगवाननं स्वतः बारा पेट्यांवर चिकटवली, प्रत्येक बाईला गहू दातानं मोडून दाखवला. पाडव्यानंतर आठ यंत्रं पुन्हा बंद. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, तू तर अंगणच मोजून दिलंस.

आणि आता नीट वाच. या वेळी भगवाननं यंत्रं उघडली तर जाळीला पीठ चिकटलेलं नव्हतं, कणीक लागलेली होती. पोळ्या लाटाव्यात अशी. दमट गव्हाची कणीक होत नाही, बाईसाहेब. त्याला पाणी लागतं. एवढं शिकून आलीस, महिनाभर लोकांच्या घरी पोहे खात मटार सोलत बसलीस, आणि पाणी कुठून येतं ते तुला दिसलं नाही. पेटीत पाणी शिरतंय. म्हणजे आता नवं झाकण, रबरी पट्टी, नवा साचा, सगळं आलं. अक्षय तृतीया तोंडावर आहे आणि इथे आमचं आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय असं चाललं आहे.

तुझ्या वहिनीला सांगितलं, गीताचं कामच असं. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायला चार पुस्तकं वाचली की पुरे. आता तू काही करू नकोस. एवढीच मदत कर.

मधुकर

---

सीवूड्स, नेरूळ
२५ एप्रिल १९९७

मधूदादा,

गव्हाबद्दल माझं चुकलं. लिहिताना हात जड होतोय, पण चुकलं. आता तुझं किती चुकलं ते ऐक.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस धुसफुसत होते. मग माझ्या लक्षात आलं की आपण दोघंही यंत्राभोवतीच फिरतोय. तू त्याच्याबद्दल विचारलंस, मी त्याच्यासमोर बसले. यंत्र बंद असतं तेव्हा काय होतं, हे कुणीच बघितलं नाही. म्हणून मी बाजारातून डबा आणला, गहू भरले आणि सारसोळ्याच्या गिरणीत जाऊन रांगेत उभी राहिले.

दादा, तुझी सोसायटी तिथे होती. ज्यांच्या घरी रुमालाखाली यंत्रं आहेत त्यातल्या बहुतेक सगळ्या. कुणी ओट्यावर पाय पसरून बसलेली, कुणी कोळणीशी माशांच्या भावावरून हुज्जत घालत होती. दोघी नुसत्या हसत होत्या, घरात मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. मला बघून सगळ्यांनी आपापले डबे जवळ ओढले. मी डबा रांगेत ठेवला. गिरणीवाल्या भिमाबाईनं तो उचलून पुढे नेला आणि म्हणाली, "तुजं दलन आदी घेतो. तुला जायाची घाई दिसते. या बायांना घाई नाय, यांचा डबा झाला तरी या बसून हाइत."

मी म्हटलं, मलाही घाई नाही. आणि बसले. पुढच्या वेळी गेले, त्याच्या पुढच्या वेळीही. हळूहळू बोलू लागल्या. पाणी कुठून येतं विचारलं होतंस ना? वाटीनं येतं. दळण संपत आलं की वरून वाटीभर पाणी ओततात. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. तुझं यंत्र वाईट आहे म्हणून नाही. चांगलं आहे, म्हणून. घरात पीठ पडायला लागलं आणि घराबाहेर पडायचं एकच कारण गेलं. भाजी नवरा वाशीहून येताना आणतो, दूध दारात, पाणी नळाला, मुलं शाळेच्या बसनं. दळण तेवढं उरलं होतं. तूच पहिल्या पत्रात हळहळला होतास की बिचाऱ्यांना उन्हात रांगेत उभं राहावं लागतं. त्यांना रांग हवी आहे.

यातल्या बऱ्याचजणी थोडा वेळ गप्पा मारायला म्हणून येतात. पण हसण्यावारी नेऊ नकोस. एका मुलीचं सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात प्रकाश पडेल. गिरणीला लागून एसटीडीचा बूथ आहे. ही दर गुरुवारी डबा गिरणीत ठेवते आणि बूथवरून चिपळूणला आईला फोन करते. आई शेजाऱ्यांच्या फोनजवळ येऊन बसलेली असते. घरी फोन आहे, पण त्याला कुलूप, आणि माहेरचं नाव काढायची सोय नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नावरून सासरच्यांनी ते घर तोडलंय. तुझं यंत्र चालू राहिलं की हिला आईचा आवाज ऐकू येत नाही. मला सांगताना तिचा चेहरा असा झाला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. म्हणाली, "वाटीभर पाण्यानं एवढं होतं, म्हणून ओतते. मला काही ते यंत्र मोडायचं नाहीये."

नावं सांगणार नाही. निष्कर्ष सांगते. तुझं झाकण ठीक आहे, जाळी ठीक आहे, हवाही ठीक आहे. नवा साचा करू नकोस. ज्या घरातल्या बाईला बाहेर पडायला दुसरं कारण आहे त्या घरात यंत्र ठेव, नोकरी करणाऱ्या बायकांकडे जा, तिथे ते दहा वर्षं चालेल. आणि आतापर्यंत काय काय विचारायचं राहून गेलं याचा विचार कर. पीठ कसं पडतं ते तू विचारलंस. डबा घेऊन ती कुठे जाते, हे तुला विचारावंसं वाटलं नाही. 

गीतांजली

---

कोल्हापूर
३ मे १९९७

गीतांजली,

नाव सांगणार नाहीस म्हणतेस. सांगू नकोस. त्या बारा घरांत चिपळूणची सून एकच आहे आणि तिच्या लग्नात नवऱ्या मुलाचा मामा म्हणून मीच उभा होतो. तिची धाकटी बहीण परजातीतल्या मुलाबरोबर पळून गेली आणि आईनं त्या जावयाला पाटावर बसवून जेवायला घातलं, हेही मला माहीत आहे, कारण अक्कानं ते घर बंद केलं तेव्हा मी तिच्या बाजूनं बोललो होतो. फोनच्या डायलला लावायचं कुलूप मीच इथून पाठवलं होतं.

तर माझ्याच बहिणीच्या घरात, माझ्याच यंत्रात, माझीच भाचेसून पाणी ओतते, आणि मी कोल्हापुरात बसून खाऱ्या हवेला शिव्या देतोय. तुला यात काहीतरी मोठं सापडलं असं वाटतं. मला माझं घर हसं झालेलं दिसतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी अक्काला सविस्तर लिहिलं. शब्द दिला होता तो नावं न विचारण्याचा. मी विचारलेलं नाही.

तुझ्या पाहणीचा उपयोग मात्र झाला, हे मान्य करतो. नवा साचा करायची गरज राहिली नाही. झाकणाला कुलूप बसवलं आहे. किल्ली घरातल्या वडील बाईकडे राहील. दळण त्यांच्या समोर होईल, आणि पुन्हा कुलूप. भगवान पहिलं यंत्र घेऊन कालच नेरूळला गेला, अक्काकडेच. विक्रेत्यांपैकी दोघांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, साहेब, सासवा उड्या मारतील. माणसं वस्तू कशी वापरतात ते बघावं म्हणतात, ते खोटं नाही.

मधुकर

---

सीवूड्स, नेरूळ
७ मे १९९७

मधुकर,

दादा लिहायची इच्छा नाही.

त्या मुलीनं मला सांगितलं ते तुला सांगण्यासाठी नव्हतं. तू शब्दाला धरून शब्द मोडलास, वकिलासारखा. इतकी वर्षं मला तू रागीट, हेकट, जुन्या वळणाचा वाटायचास. क्रूर आहेस हे ठाऊक नव्हतं. बायकांच्या त्रासाची गोष्ट तुझ्या कानावर घातली आणि तू तिचं कुलूप करून विकायला काढलंस.

काल अक्काकडे गेले. तिनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "तू माझ्या घरात भाजी निवडायला बसलीस आणि माझं घरच निवडून गेलीस. आता जा." मी बराच वेळ जिन्यात उभी होते. ईश्वरी आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. 

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. अक्काला लिही की तुझी समजूत चुकली, ती मुलगी दुसरीच होती. खोटं लिही. तुला ते जड जाऊ नये. आणि कुलपाचं यंत्र अक्षय तृतीयेला मांडू नकोस. मांडलंस तर मी त्या विक्रेत्यांना भेटून ते कशासाठी केलंय ते सांगेन.

गीतांजली

---

कोल्हापूर
१५ मे १९९७

गीतांजली,

विक्रेत्यांना तू भेटलीस ते कळलं. ऐकून घेतलं, चहा पाजला आणि तू गेल्यावर मागणी नोंदवली. कशासाठी केलंय ते तू इतकं छान समजावून सांगितलंस की मला वेगळी जाहिरात करावी लागली नाही.

अक्काला मी खोटं लिहिणार नाही. खात्यातली सगळी माणसं कामावर आहेत, दोन पाळ्या सुरू झाल्या. त्यांच्याही घरी बायका आहेत, पोरं आहेत. तुला त्यांची आठवण पहिल्या पत्रात झाली होती, नंतर नाही.

मला क्रूर म्हणतेस. असेन. पण एक गोष्ट रागानं नव्हे, नीट विचार करून लिहितो. यंत्र का बंद पडतं, हे तुला दोन ओळींत सांगता आलं असतं. बायकांना गिरणीत जायचं असतं, वाटीनं पाणी ओततात. एवढ्यानं माझं काम झालं होतं. चिपळूण, गुरुवार, बूथ, धाकटी बहीण, फोनचं कुलूप, हे मी विचारलं नव्हतं. गव्हावरून मी तुला हिणवलं होतं आणि तुला मला दाखवून द्यायचं होतं. त्या भरात तू नाव तेवढं गाळलंस आणि बाकी सगळी पोर माझ्या हातात आणून दिलीस. मला अक्काला एक शब्दही स्वतःच्या मनाचा लिहावा लागला नाही. तुझंच पत्र उतरवून काढलं.

याच्यावर उत्तर असेल तर दे. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, तेव्हा कुणाचं तरी पत्र येऊ दे.

मधुकर

---

नेरूळ
१० जून १९९७

गीतामावशी,

हे पत्र समोरच्या जयमालाताई पेटीत टाकतील. उत्तर पाठवू नका. आमच्याकडे आलेली पत्रं सासूबाई आधी उघडतात.

त्या दिवशी तुम्ही जिन्यात उभ्या होतात ते मला माहीत होतं. सासूबाईंनी दार उघडलं नाही. मी एकटी असते तरी उघडलं नसतं. 

कुलपाचं यंत्र आलं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते. दळताना त्या शेजारी खुर्ची घेऊन बसतात. पीठ बारीक पडतं, पोळ्या मऊ होतात, हे मामांना कळवायचं असेल तर कळवा. हळूहळू बाकीच्या घरांतही तशीच यंत्रं आली. गिरणीत आता आमच्यातलं कुणी जात नाही. सगळ्यांना वाटतं मीच कुणाजवळ तरी बोलले असेन, म्हणून जिन्यात भेटल्या तर मान फिरवतात. जयमालाताई तेवढ्या बोलतात, त्याही दाराआडून. शौनकना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आईशी तूच बोल, मला मध्ये घेऊ नकोस."

तुम्हाला मी का सांगितलं याचा मी खूप विचार केला. तुम्ही काही विचारलं नव्हतंत. नुसत्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसलात आणि माझा डबा पुढे सरकवलात. मला वाटलं, हिलाही कुणी नाही. त्या वेळी तुम्ही काम करत होतात हे मला समजलं नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी गप्प बसले असते, आणि तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. मामा जसे आहेत तसे समोरून आहेत. तुमचा मला जास्त राग येतो.

आता माझं एक काम आहे. ते तुम्ही करायचं आहे, आवडो न आवडो.

माझी आई दर गुरुवारी शेजाऱ्यांच्या फोनजवळ येऊन बसते. मी फोन का करत नाही हे तिला कळवायला कुणी नाही. ती अजून येत असणार. फोन वाजला नाही तर ती उठत नाही, शेजाऱ्यांची जेवायची वेळ होईपर्यंत बसून राहते, मला माहीत आहे. नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. दर गुरुवारी तुम्ही बूथवर जाऊन तिला फोन करायचा. सांगायचं की ईश्वरीला नोकरी लागली, सकाळी लवकर निघते, तिनं मला निरोप सांगायला सांगितलंय. तुम्ही माझ्या मैत्रीण आहात असं सांगा. नात्यातल्या आहात हे सांगू नका.

आवाज साधा ठेवा. खूप गोड बोललात तर तिला संशय येईल. ती पुष्कळ विचारेल. मी जेवते का, बारीक झाले का, शौनक बरे वागतात का, सासूबाई अजून रागावलेल्या आहेत का, केस गळायचे थांबले का. प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी सांगा, नाहीतर तिच्या लक्षात येतं. मध्येच ती गप्प होईल. तेव्हा फोन ठेवू नका, ती डोळे पुसते आणि पुन्हा बोलते. रडू आलं तर तुम्ही रडायचं नाही.

आणि तिला तुम्ही काहीही विचारू नका. ती विचारेल आणि उत्तरं तुम्ही द्यायची. या गुरुवारपासून सुरुवात करा.

ईश्वरी